मूठभर मागितले, पोती आली

माझी नोकरी ‘दुरियान’ नावाच्या खोलीत गेली. आमच्या ऑफिसात मीटिंगच्या सगळ्या खोल्यांना फळांची नावं होती. कुठल्या शहाण्याची शक्कल कोण जाणे. सांगणारी बाई स्क्रीनवर होती, ती कुठल्या देशात बसली होती तेही मला माहीत नाही. टेबलावर टिश्यूपेपरचा डबा आधीच आणून ठेवलेला. ती म्हणाली, हे तुमच्या कामाबद्दल नाही, तुमचा रोल आता उरलेला नाही. मी म्हटलं, अहो बाई, त्या रोलमध्ये मीच बसले होते ना? ती समजुतीचं हसली. तसं हसायचं शिक्षण दिलं असणार तिला. मी रडले नाही. टिश्यूचा डबा मात्र उचलून घरी घेऊन आले. म्हटलं, एवढं तरी वसूल करावं.

चिप तपासायचं आमचं अख्खं खातं दुसऱ्या देशात चाललं होतं, जिथे माणूस स्वस्त पडतो तिथे. त्याचा मला फार राग आला नाही. अकरा वर्षांपूर्वी मला पुण्याहून इथे सिंगापुरात आणलं तेही स्वस्त पडते म्हणूनच, काही प्रेमाने नव्हे. खरा राग आला तो क्लेमेंटीला बसमधून उतरून आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर. फोन काढला आणि कुणाला सांगावं ते सुचेना. नंबर भरपूर होते. अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला आणि परत वर आणला. लिफ्ट माझ्या मजल्यावर येऊन उघडली, मिटली आणि मला घेऊन पुन्हा खाली गेली.

आईला सांगायची सोय नव्हती. दापोडीकडच्या आमच्या वस्तीत मी म्हणजे ‘सिंगापूरची ताई’. कुणाच्या पोराला इंजिनिअरिंगला घालायचं की आधी त्याला माझा फोटो दाखवतात. आई हापिसातल्या शिपायासारखी माझी नोकरी सांभाळते. कुणी काही वावगं बोलायची खोटी, ही तुटून पडते. तिला काय सांगू, की तुझी लेक ज्या रोलमध्ये बसली होती तो रोलच उचलून नेला?

इथला हिशेब साधा आहे. नोकरी आहे तोवर पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि पास आहे तोवर तुम्ही. बुद्धपौर्णिमा झाली की पुढच्या आठवड्यात माझा पास संपणार होता, मग सामान आवरायला थोडे दिवस. अर्ज टाकले, ढिगाने टाकले. उत्तरं यंत्राची यायची, फार गोड बोलायचं यंत्र. चाळिशी उलटलेल्या, एकट्या, फटकळ बाईला कोण विचारतंय! दुसरी नोकरी मिळेल ही आशा मी लवकरच सोडली. मला वेगळंच एक लागून राहिलं होतं. अकरा वर्षं ज्या गावात काढली, तिथून मी निघून गेले तर कुणाच्या घरात एक ताट कमी मांडलं जाईल का? कुणाला माझी उणीव वाटेल का? एवढं एकच मला जाण्याआधी बघायचं होतं.

म्हणून मी शिधा गोळा करायचं अंगावर घेतलं.

हे जरा सांगायला हवं. आमच्या वस्तीत पौर्णिमेच्या खिरीला पैशाची वर्गणी नसायची. घरोघर जाऊन मूठभर तांदूळ आणायचे, कुणाकडून वाटीभर साखर, कुणाकडून दूध. माझी आई हे काम करायची आणि पिशवी धरायला मला न्यायची. दार वाजवायचं नाही, बाहेरून हाक मारायची. आतून ‘ये गं, बस’ आलं की बसायचं. चहा नको म्हटलं तरी व्हायचा. पाऊण तास एका घरात जायचा आणि हातात येणार मूठभर तांदूळ. मी कंटाळायचे. पण त्या पाऊण तासात कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या कारखान्याला टाळं लागलं, कोण अंथरुणाला खिळलं, सगळं आईला कळायचं. ज्याच्या घरात काम नसेल त्याच्याकडे ती सगळ्यात आधी जायची. मी एकदा म्हटलं, अगं, त्यांच्याकडे त्यांनाच नाही, कशाला मागतेस? तर मला फाडकन म्हणाली, ‘न मागून त्याला वस्तीतून काढू का मग?’

सगळ्यांचा तांदूळ एका पातेल्यात पडायचा. रेशनचा जाडा, कुणाचा कोलम, कुणाची आंबेमोहोराची कणी. काही शितं गळून जायची, काही दाताखाली टचटचायची. अशी खीर कुठल्या हॉटेलात मिळायची नाही आणि मिळाली तर लोक परत पाठवतील.

सिंगापुरात आमची पंचवीसेक कुटुंबं आहेत, बहुतेक इंजिनिअर नाहीतर संशोधक. दरवर्षी पौर्णिमेला सुट्टी असते, तेव्हा कुणाच्या तरी कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धवंदना आणि जेवण. पैसे फोनवरून जातात. क्यूआर कोडच्या चौकोनावर कॅमेरा धरला की झालं. मी फोनच्या ग्रुपवर लिहिलं, यंदा मी प्रत्येकाच्या घरी येऊन मूठभर तांदूळ घेऊन जाणार, आपल्याकडे घेतात तसा. धडाधड जोडलेले हात आले, निळी काळजं आली. ‘ताई, ग्रेट’ आलं. ‘किती छान, आपली परंपरा’ आलं. मी मेली खूश! कापडी पिशवी धुऊन वाळत घातली.

पहिली गेले बिशानला. तिथे माझी जुनी मैत्रीण राहते. इथे आल्यावर पहिलं वर्ष आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, एका पातेल्यातला भात खात होतो, एकमेकींच्या ओढण्या वापरत होतो. मग तिचं लग्न झालं, मुलगा झाला, बिशानला चांगली शाळा म्हणून तिकडे घर घेतलं. सात-आठ स्टेशनांचं अंतर, पण आम्ही वर्षातून एकदा भेटायचो, तेही वंदनेला. मी तिला न कळवता गेले. आता शिधा मागायला जाताना कोण अपॉइंटमेंट घेतं? लिफ्टमधून उतरून कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी हाक मारली, चांगली खणखणीत, आई मारायची तशी. शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. तिच्या दारातून तिचा मुलगा आला. लाकडी दार उघडलं, पण पुढच्या लोखंडी जाळीला कुलूप.

‘आंटी, मम्मी ऑन कॉल लाह,’ तो म्हणाला, शेवटी इथलं ‘लाह’ लावून. ‘यू मेसेज हर फर्स्ट?’

मागे ती दिसत होती. कानाला हेडफोन, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. तिने मला पाहिलं, कपाळाला हात लावला, ओठांनीच सॉरी म्हटलं आणि पाच बोटं दाखवली. मी उभी राहिले. मुलगा दोन्ही हातांनी जाळी धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला मराठीत विचारलं, शाळा कशी चाललीय? ‘ओके लाह’ म्हणाला. संपलं बोलणं. पाच बोटांची किती मिनिटं झाली देव जाणे, ती काही उठली नाही. तिचा चेहरा मात्र मी नीट पाहिला. ओढलेला होता. स्क्रीनकडे बघून ती हसत होती आणि स्क्रीन बोलायचा थांबला की तिचं हसू पुसून जात होतं. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही बरोबरच. शेवटी मी मुलाला म्हटलं, मम्मीला सांग मावशी येऊन गेली. तो म्हणाला, ‘हू?’

एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसते न बसते तोच तिचा मेसेज. ‘ताई, इतकं वाईट वाटलं! क्लायंट सोडेनाच. तांदूळ ऑनलाइन टाकलाय, उद्या तुझ्या दारात.’

दुसऱ्या दिवशी दहा किलोची बासमतीची पिशवी दारात. मूठभर मागितले होते!

बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत आमच्या मंडळाचं सगळं बघणारे गृहस्थ राहतात. यंदाचा हॉलही त्यांच्याच कॉन्डोतला. मला वाटलं, हे वडीलधारे, हे तरी घरात घेतील. गेटवरच्या रखवालदाराने नाव लिहून घेतलं, वर फोन केला आणि मला लॉबीत बसवलं. ते स्वतःच खाली आले. हाफपँट, कानात एक बारीक यंत्र. हातात दुकानातली सीलबंद पिशवी. ‘वर अगदी पसारा आहे हो ताई,’ म्हणाले, ‘मिसेसची टीम अमेरिकेची, रात्रभर काम असतं तिला, आता झोपलीय.’ लॉबीतला एसी हाडं गोठवत होता. मी मनाशी म्हटलं, सांग बाई आता, हेच ते. तोंड उघडणार इतक्यात तेच जवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘बरं झालं भेटलात. तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का? आमच्याकडे जरा वारं फिरलंय. अजून कुणाला बोललो नाही. तुम्ही इतकी वर्षं एका जागी टिकून आहात, तुमचा शब्द चालत असेल.’

घ्या! आता यावर काय बोलायचं? माणूस पन्नाशीचा, दोन पोरी कॉलेजात, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतोय जशी काही मी कंपनीची मालकीण. मी म्हटलं, बघते. त्यांच्या चेहऱ्यावर लगेच उजेड पडला. मला दारापर्यंत सोडायला आले. बसस्टॉपवर मी इतकी चिडले होते की दोन बस सोडल्या. त्यांच्यावर नव्हते चिडले. या सगळ्या मांडणीवर चिडले होते, जिथे बुडणारा बुडणाऱ्याचाच पाय धरतो आणि दोघंही वर हसून बोलतात.

बाकीची घरं सांगत बसत नाही. कुणी जिममध्ये, कुणी मुलाच्या ट्यूशनला, कुणी ‘ताई, कशाला त्रास घेता, पाठवतो ना’. आणि पाठवलं हो प्रत्येकाने. कंजूष कुणी नाही आमच्यात. बासमती आला, थायलंडचा सुवासिक आला, सोनामसुरी आला, एकीने तर ब्राऊन राइस पाठवला, पौष्टिक म्हणून. रोज दुपारी डिलिव्हरीवाला घाम पुसत यायचा, पोतं टेकवायचा, फोटो काढायचा आणि माझ्याकडे न बघता पळायचा. त्याच्यामागेही कुणीतरी घड्याळ लावलेलं असणार. माझ्या एवढ्याशा खोलीत पलंगाखाली तांदूळ, कपाटापुढे तांदूळ, खिडकीशी तांदूळ. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. इथे शितांची पोती जमली, भूत एक फिरकलं नाही.

माझी घरमालकीण सत्तरीची चिनी बाई. सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, लोकांची उष्टी ताटं उचलते, दुपारी घरी येऊन टीव्ही लावते. सहा वर्षं मी तिच्या घरात होते. आम्ही एकमेकींना वाईट म्हणायचो नाही आणि चांगलंही नाही. तिचे नियम पहिल्या दिवशी सांगून झालेले: पाहुणे नाहीत, स्वयंपाक नाही, किटली आणि मायक्रोवेव्ह चालेल. फोडणीचा वास गेल्या सहा वर्षांत माझ्या नाकाने घेतला तो फक्त खाली, पैसे मोजून.

पोती वाढली तशी ती एक दिवस माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ‘यू ओपन शॉप, आह?’

मी समजवायला लागले, आमचा सण, मूठमूठ तांदूळ वगैरे. तिने हात हलवून ते सगळं उडवून लावलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘यू लॉस्ट जॉब.’

विचारलं नाही, सांगितलं. तिला कळलं होतं कारण दुपारी ती टीव्ही लावायची तेव्हा मी घरात असायचे. तिला वाटलं, मला खायला नाही म्हणून माझी माणसं तांदूळ पाठवतायत. मला तिथेच रडू फुटलं. दुरियानमध्ये आलं नव्हतं ते. सगळ्या सिंगापुरात एकटीला माझ्याकडे बघून कळलं होतं, आणि तीही जिच्याशी मी कधी चार वाक्यं बोलले नाही. मी मान हलवली. वाटलं, आता ही हात धरेल, काही म्हणेल.

ती म्हणाली, ‘देन व्हेन यू मूव्ह आउट? आय मस्ट टेल एजंट.’

वाईट बाई नव्हती ती. खोलीच्या भाड्यावर तिची औषधं चालायची. खोली रिकामी राहिली तर तिला आणखी एका पाळीची ताटं उचलावी लागली असती. मला ते कळत होतं. पण कळलं म्हणून लागायचं राहत नाही ना. मी डोळे पुसून तारीख सांगितली. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून आली, पोत्यांकडे हात केला आणि म्हणाली, एवढा तांदूळ, शिजव. आता जाणारच आहेस, तुला कशाला ओरडू? सहा वर्षांत मिळालेली ही पहिली सवलत.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ग्रुपवर निरोप आला. हॉलमध्ये शिजवायला परवानगी नाही, म्हणून खीर केटररकडून मागवली आहे, सोपं पडतं; ताईंनी घेतलेल्या कष्टांबद्दल आभार. खाली पुन्हा जोडलेले हात. अख्खा ग्रुप हात जोडून उभा, आणि मी इथे तांदळाच्या पोत्यावर पाय ठेवून पलंगावर बसलेली. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी मीही हात जोडले.

वंदनेला गेले पांढरी साडी नेसून. छान झालं सगळं. मुलांनी पंचशील म्हटलं, इंग्रजी लिपीत लिहून आणलेलं, पण म्हटलं. केटररची खीर आली ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून, केशर घातलेली, एकसारखी, प्रत्येक शीत दुसऱ्यासारखं. मग कुणीतरी म्हणालं, ताईंनी दोन शब्द बोलावेत. मी उठले. खरं तर आभारच मानणार होते. पण समोर सगळे बसलेले होते, एका खोलीत, एका वेळी, कुणी कॉलवर नव्हतं. असा योग परत कुठून येणार? मी म्हटलं, ‘माझी नोकरी गेली. थोड्याच दिवसांत मी जाते आहे. तांदूळ मागायला आले होते तेव्हा हेच सांगायचं होतं.’

मग माणसं उठून माझ्याकडे आली. खरंच आली, एकेक करून, डोळ्यांत कळवळा घेऊन. पहिला म्हणाला, ‘ताई, सीव्ही पाठवा.’ दुसरी म्हणाली, ‘प्रोफाइल अपडेट करा ताई, मी शेअर करते.’ तिसऱ्याने विचारलं, ‘सीव्ही किती पानी आहे? दोनच ठेवा.’ बिशानच्या मैत्रिणीने मला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, ही तरी. ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘आज रात्री सीव्ही टाक, उद्या मॅनेजरला देते.’ आणि बुओना व्हिस्टाचे गृहस्थ लांब उभे होते, ट्रे आवरत. माझ्याकडे बघायला त्यांना धीर होईना. सगळ्यांत खरा तेवढा तोच माणूस वाटला मला.

दोष कुणाला देऊ? जे ज्याच्या हाताशी होतं ते त्याने पुढे केलं. आमच्याकडे आता दुःखात द्यायला दुसरं काही उरलंच नाहीये. कुणी विचारलं नाही, जाणार म्हणजे कधी, सामान कोण आवरणार, रात्री जेवणार काय. मला रागही येईना.

घरी येऊन मी याच शनिवारचं तिकीट काढलं आणि आईला फोन केला. एका दमात सगळं सांगून टाकलं. तिकडे तिच्या मागे वस्तीतला लाउडस्पीकर वाजत होता, पोरं ओरडत होती, खिरीसाठी भांडी आपटत होती.

‘मग मी लोकांना काय सांगू?’ आई म्हणाली.

‘सांग, सुट्टीवर आलीय.’

‘किती दिवसांच्या?’

उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, ‘जेवलीस का?’ मी हो म्हटलं. मग दोघी आपापल्या जागी फोन धरून बसलो आणि तिला कुणीतरी हाक मारली तेव्हा तिने ठेवला.

मग मी उठले आणि पांढऱ्या साडीचा पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले. घरमालकिणीचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. प्रत्येक पोतं फोडलं आणि प्रत्येकातली एकच मूठ घेतली, ब्राऊन राइसचीसुद्धा. दूध, साखर, वेलदोडे खालून आणले. ढवळत असताना घरमालकीण एजंटला घेऊन आली, मागे खोली बघायला आलेली एक कॉलेजची मुलगी. एजंटने कपाट दाखवलं, एसी दाखवला, खिडकी दाखवली आणि स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाला, ही सध्याची भाडेकरू. मुलगी मला बघून लाजली. मी डाव उंचावून तिला हाय केलं. ‘नो हेवी कुकिंग आह,’ घरमालकीण तिला बजावत होती, माझ्याकडे न बघता.

खीर झाली. काही शितं गळाली होती, ब्राऊन राइस तर चक्क कच्चा. आता ही वाटायची कुणाला? घरमालकिणीने वाटीभर घेतली, फार गोड म्हणाली, संपवली. पौर्णिमेची खीर शिळी ठेवायची नाही, निदान आमच्याकडे तरी. मी पातेलं उचललं, कागदी वाट्या घेतल्या आणि कॉरिडॉरमध्ये आले. सहा वर्षं मी या कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत गेले होते, तेही मान खाली घालून, फोन बघत. एकाही दारामागे कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोठी शहाणी!

पहिल्या दारातली बाई जाळीमागूनच म्हणाली, ‘हाऊ मच?’ म्हटलं, फुकट. तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दारातला तरुण म्हणाला, आम्ही काही विकत घेत नाही. तिसऱ्या घरातल्या मुलीने वाटी घेतली, आणि मी वळले तशी ती वाटी तिने कठड्यावर ठेवलेली मला दिसली. माझे हात भरून आले होते. वाटलं, सगळं नेऊन बेसिनमध्ये ओतावं आणि झोपावं.

कॉरिडॉरच्या टोकाला एका घरापुढे कुंड्या होत्या, आणि जाळी सताड उघडी. आत एक म्हातारे चिनी गृहस्थ बनियनवर बसले होते. त्यांनी किंमत विचारली नाही. वाटी घेतली, वास घेतला, एक घास खाल्ला, कच्चा तांदूळ कुडुमकन चावला.

‘यू न्यू, आह?’ ते म्हणाले.

मी सहा वर्षं त्यांच्यापासून चार दारं सोडून राहत होते. मी म्हटलं, हो.

मग काय विचारता! त्यांनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं, त्यावरचा पेपर उचलला आणि मला बसवलं. मी बसले, पातेलं मांडीवर घेऊन. नव्या माणसाला सांगावं तसं त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. डावीकडची लिफ्ट मध्येच अडकते, उजवीकडची घ्यायची. भाजी खालच्या बाईकडून घ्यायची, ती वजनात फसवत नाही. पावसात वाऱ्याची बाजू इकडची, कपडे आत घ्यायचे. समोरचा म्हातारा ओरडतो पण मनाचा वाईट नाही. त्यांची बायको वारली तेव्हा याच मजल्यावरच्या लोकांनी त्यांना महिनाभर जेवण दिलं, पण ती माणसं आता नाहीत, घरं विकून गेली. आता सगळे दारं लावून बसतात. तू तसं करू नकोस, म्हणाले. मी मान डोलवत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांना दिसलं असेल, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

मी निघाले तेव्हा म्हणाले, रविवारी ये. माझी मुलगी येते, नूडल्स करते, तू पण जेवायला बस. मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या भाषेत मुलीला जोरजोरात काही सांगितलं. बोलताना माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. एक माणूस जास्त.

माझं विमान आदल्याच दिवशी, शनिवारी होतं. फोन छातीशी दाबून धरत त्यांनी मला विचारलं, मुलगी विचारतेय, तू तिखट खातेस ना?

खाते, मी म्हटलं. कितीही तिखट चालेल.